एकपेशीय जीवांचे जनुककोश : ओळख आणि उपयोग

गडचिरोली जिल्ह्यातील एखाद्या पाड्यावर तापाने फणफणलेल्या मुलाच्या बोटाला बारीक टोच देऊन आशाताई रक्ताचा एक थेंब तपासणीच्या पट्टीवर घेतात. थोड्या वेळाने पट्टीवर रेघ उमटते आणि मुलाला हिवताप आहे काय, असल्यास कोणत्या जातीचा, हे तिथल्या तिथे कळते. फॅल्सिपॅरम या घातक जातीची रेघ उमटते ती परजीवीने रक्तात सोडलेल्या एका प्रथिनामुळे. एचआरपी-२ हे त्या प्रथिनाचे नाव. ते प्रथिन कसे बनवायचे याची सूचना परजीवीच्या आठव्या गुणसूत्रावरील एका जनुकात लिहिलेली असते.

२०१० साली दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात असे परजीवी सापडले की ज्यांच्यात हे जनुकच नव्हते. पुढे आफ्रिकेतील इरिट्रिया या देशात अशा परजीवींचे प्रमाण इतके वाढलेले आढळले की २०१६ मध्ये तिथे तपासणीच्या पट्ट्याच बदलाव्या लागल्या. रुग्णाच्या अंगात हिवताप आहे, पण पट्टी कोरीच, अशी ही परिस्थिती. पट्टी का फसली याचे उत्तर शोधताना प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शक पुरेसा पडत नाही. परजीवीचा संपूर्ण जनुकसंच समोर उघडा असावा लागतो आणि त्यातील कोणता तुकडा गळाला हे ताडून पाहावे लागते.

असे जनुकसंच संगणकावर मांडून ठेवणारे जे माहितीकोश आहेत, त्यांची ओळख करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विषय अवघड वाटला तरी तो आपल्या रोजच्या आरोग्याशी जोडलेला आहे. विज्ञान शाखेत शिकणाऱ्या मुलामुलींसाठी तर हे एक नवे दालन आहे.

एक पेशी, पण साधी नव्हे

शाळेच्या पुस्तकात अमिबा आणि पॅरामिशियम यांची चित्रे आपण सर्वांनी काढलेली आहेत. पाव फुगवणारे यीस्ट, हिवतापाचा प्लास्मोडियम, काळा आजाराचा लेशमानिया, आमांशाचा एन्टामिबा हे सारे एकाच पेशीचे जीव. जीवाणूही एकपेशीयच, परंतु त्यांच्या पेशीत केंद्रक नसते. या लेखात मुख्यतः केंद्रक असलेल्या एकपेशीय जीवांचा विचार केला आहे.

एकच पेशी आहे म्हणजे जीव साधा असणार, हा समज चुकीचा आहे. डबक्यात राहणाऱ्या पॅरामिशियमच्या एका जातीचा जनुकसंच २००६ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात सुमारे ४०,००० जनुके निघाली. माणसात प्रथिने बनवणारी जनुके सुमारे २०,००० आहेत. म्हणजे हा डबक्यातला जीव जनुकांच्या मोजणीत आपल्या दुप्पट भरला!

जनुकसंच म्हणजे काय, तेही थोडक्यात पाहू. प्रत्येक पेशीत डीएनए नावाचा लांबलचक धागा असतो. त्यावर चार रासायनिक अक्षरे पुन्हा पुन्हा येतात. ए, टी, जी आणि सी ही त्यांची नावे. या अक्षरांच्या एका विशिष्ट तुकड्याला जनुक म्हणतात व बहुतेक जनुकांमध्ये एखादे प्रथिन बनवण्याची कृती लिहिलेली असते. सर्व धाग्यांवरील सर्व अक्षरे मिळून त्या जीवाचा जनुकसंच होतो.

अक्षरे वाचली, अर्थ लागेना

स्वतंत्रपणे जगणाऱ्या जीवाचा संपूर्ण जनुकसंच वाचण्याचे काम प्रथम १९९५ साली झाले. हिमोफिलस इन्फ्लुएन्झा या जीवाणूची सुमारे १८ लाख अक्षरे तेव्हा वाचली गेली. पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, यीस्टचा जनुकसंच पूर्ण झाला. अक्षरे सुमारे १ कोटी २० लाख, जनुके सुमारे ६,०००. युरोप, अमेरिका आणि जपानमधील सुमारे ६०० शास्त्रज्ञ त्यासाठी खपले होते. केंद्रक असलेल्या जीवांपैकी हा पहिला वाचलेला जनुकसंच होय.

त्याच वर्षी हिवतापाच्या फॅल्सिपॅरम परजीवीचे काम इंग्लंड व अमेरिकेतील संस्थांनी हाती घेतले. ते फार कष्टाचे ठरले. या परजीवीच्या डीएनएमध्ये दर शंभर अक्षरांपैकी ऐंशीहून अधिक अक्षरे केवळ ए किंवा टी असतात. जनुकसंच वाचताना धाग्याचे लहान लहान तुकडे करून ते वाचावे लागतात आणि मग एकमेकांना जोडावे लागतात. ज्या पोथीत पानोपानी दोनच अक्षरे पुन्हा पुन्हा येतात, तिची फाटलेली पाने जुळवणे किती जिकिरीचे असेल याची कल्पना वाचकांनी करावी. १९९८ मध्ये दुसरे गुणसूत्र प्रसिद्ध झाले, १९९९ मध्ये तिसरे, आणि ऑक्टोबर २००२ मध्ये 'नेचर' या साप्ताहिकात संपूर्ण चौदा गुणसूत्रांचा जनुकसंच आला. अक्षरे सुमारे २ कोटी ३० लाख, जनुके सुमारे ५,३००. त्याच आठवड्यात हिवताप पसरवणाऱ्या ॲनाफिलिस डासाचाही जनुकसंच 'सायन्स' या साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. १८९७ साली सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात हा परजीवी पाहिला होता. त्यानंतर १०५ वर्षांनी माणूस, डास आणि परजीवी या तिघांचेही जनुकसंच अभ्यासकांच्या हाती आले.

परंतु खरा प्रश्न इथूनच सुरू झाला. त्या ५,३०० जनुकांपैकी सुमारे ६० टक्के जनुकांची प्रथिने तोपर्यंत माहीत असलेल्या कोणत्याच प्रथिनाशी नीट जुळत नव्हती. अक्षरे वाचली होती, अर्थ लागत नव्हता. अशा वेळी एका प्रयोगशाळेला एका जनुकाबद्दल काही कळले, दुसरीला दुसऱ्याबद्दल, तर ते सारे एकत्र नोंदवायचे कुठे? या गरजेतून जनुककोश उभे राहिले.

कोश कसे उभे राहिले

अक्षरमाला साठवण्याची सार्वजनिक कोठारे त्याआधीच अस्तित्वात होती. अमेरिकेतील जेनबँक १९८२ साली सुरू झाली. युरोप आणि जपान येथेही अशीच कोठारे आहेत व ही तिन्ही कोठारे आपापल्या नोंदी एकमेकांना देत असतात. त्यामुळे कोणत्याही एका ठिकाणी भरलेली अक्षरमाला तिन्ही ठिकाणी मिळते. मात्र कोठारात धान्य आहे म्हणून स्वयंपाक होत नाही. एका जीवावर काम करणाऱ्या अभ्यासकाला त्या जीवाची सगळी माहिती निवडून, पाखडून, एका जागी हवी असते.

यीस्टसाठी असा कोश अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात चालवला जाऊ लागला. हिवतापाच्या परजीवीसाठी २००० साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील डेव्हिड रूस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्लास्मोडीबी हा कोश सुरू केला. जनुकसंच पूर्ण व्हायला तेव्हा दोन वर्षे बाकी होती. जे तुकडे वाचून होतील ते लगेच लोकांसमोर ठेवायचे, असे ठरले होते. ज्या देशांत हिवताप आहे तिथे इंटरनेट नाही, हे ध्यानात घेऊन त्या मंडळींनी हीच माहिती सीडीवर भरून देण्याचीही सोय केली होती. या एका गोष्टीवरून त्या कामामागची दृष्टी कळते. रोग एका ठिकाणी आणि त्याचे ज्ञान दुसऱ्या ठिकाणी, असे होऊ नये ही ती दृष्टी.

पुढे अशाच धर्तीवर टॉक्सोप्लाझ्मासाठी टॉक्सोडीबी, लेशमानिया व ट्रिपॅनोसोमा यांच्यासाठी ट्रायट्रिपडीबी असे कोश निघाले व ते एका छत्राखाली आले. २०१९ मध्ये डासांसारख्या रोगवाहक कीटकांचा कोशही त्यांत मिळाला आणि त्या एकत्रित कोशाला व्हीयुपाथडीबी हे नाव मिळाले.

जनुकाचा सातबारा

कोशातील एक नोंद कशी असते ते उदाहरणाने पाहू. आपल्याकडे जमिनीचा सातबारा उतारा असतो. गट क्रमांक, क्षेत्र, कोणते पीक, कोणता बोजा, कोणता फेरफार, हे सारे त्यात असते. जनुकाची नोंद बरीचशी अशीच असते.

फॅल्सिपॅरमच्या एका जनुकाचा क्रमांक आहे पीएफ३डी७_१३४३७००. यातील 'पीएफ' म्हणजे प्लास्मोडियम फॅल्सिपॅरम. '३डी७' हे त्या परजीवीच्या वाणाचे नाव, कारण ज्याचा जनुकसंच वाचला तो परजीवी याच वाणाचा होता. पुढचे '१३' म्हणजे तेरावे गुणसूत्र आणि '४३७००' हा त्या गुणसूत्रावरील जागेचा अनुक्रम. हा झाला गट क्रमांक. नोंद उघडली की जनुक कोणत्या अक्षरापासून कोणत्या अक्षरापर्यंत पसरले आहे ते दिसते. हे झाले क्षेत्र. त्यापासून बनणारे प्रथिन ७२६ अमिनो आम्लांचे आहे, हेही दिसते. परजीवी माणसाच्या तांबड्या पेशीत शिरल्यापासून सुमारे ४८ तासांत वाढून, फुटून बाहेर पडतो. त्या ४८ तासांत हे जनुक केव्हा जास्त काम करते याचा आलेख असतो. ही झाली पीकपाहणी. आणि जगाच्या निरनिराळ्या भागांतील रुग्णांकडून घेतलेल्या परजीवींमध्ये या जनुकात कुठे कोणते अक्षर बदललेले सापडले, त्याचीही यादी असते. हा झाला फेरफार.

हा फेरफारच पुढे किती मोलाचा ठरला ते आता पाहू. या जनुकाचे नाव केल्च-१३. आर्टेमिसिनिन हे हिवतापावरचे आजचे सर्वांत प्रभावी औषध. ते शोधल्याबद्दल चीनच्या तू यूयू यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कंबोडियात हे औषध पूर्वीइतक्या झपाट्याने परजीवी मारत नाही, असे डॉक्टरांच्या ध्यानात येऊ लागले होते. कारण शोधण्यासाठी संशोधकांनी टांझानियातून आलेला एक वाण प्रयोगशाळेत पाच वर्षे वाढवला व त्याला औषधाची मात्रा हळूहळू वाढवत दिली. शेवटी जो चिवट परजीवी उरला त्याचा जनुकसंच आणि औषध न दिलेल्या त्याच्याच भावंडाचा जनुकसंच शेजारी ठेवून ताडून पाहिले. फरक अगदी मोजक्या जनुकांत निघाले. त्यांतील केल्च-१३ मधील बदल कंबोडियातील रुग्णांच्या परजीवींतही सापडले आणि ज्यांच्यात ते होते तेच परजीवी औषधाला उशिरा दाद देत होते. हा शोध २०१४ च्या आरंभी छापील स्वरूपात प्रसिद्ध झाला. कंबोडियात पसरलेल्या बदलात ५८० व्या जागी सिस्टीनऐवजी टायरोसिन हे अमिनो आम्ल आलेले असते. एवढासा फरक, पण त्याने एका औषधाची धार कमी केली.

तेव्हापासून निरनिराळ्या देशांत रुग्णांच्या रक्तातील परजीवींचे हे एक जनुक वाचून औषधाची स्थिती तपासली जाते. २०२० मध्ये आफ्रिकेतील रवांडा देशात या जनुकाच्या ५६१ व्या जागी झालेल्या बदलाची नोंद अशाच तपासणीतून पुढे आली. क्लोरोक्विन हे जुने औषध निकामी झाले, तेव्हा त्यामागचे जनुक २००० साली सापडले. म्हणजे औषध जगभर निरुपयोगी होत गेल्यावर पुष्कळ वर्षांनी. यावेळी इशारा वेळेवर मिळत आहे, हा फरक जनुकसंच हाताशी असल्यामुळे पडला.

शोधण्याची साधने

कोश नुसता उघडून उपयोग नाही, त्याला प्रश्न विचारता आला पाहिजे. त्यासाठी जी साधने आहेत त्यांतील तीन महत्त्वाची.

पहिले साधन ब्लास्ट. ते १९९० साली तयार झाले. आपल्याजवळ एखादी अनोळखी अक्षरमाला आहे. तिच्यासारखी दुसरी कोणत्या जीवात आहे काय, हे ब्लास्ट सांगते. आपल्या मालेतील लहान लहान शब्द घेऊन ते आधी कोशात जुळणी शोधते व जुळले तिथून दोन्ही बाजूंना जुळणी वाढवत नेते. प्रत्येक उत्तरासोबत एक आकडा येतो, त्याला ई-मूल्य म्हणतात. एवढ्या मोठ्या कोशात अशी जुळणी निव्वळ योगायोगाने किती वेळा सापडली असती, याचा तो अंदाज असतो. आकडा जितका लहान तितकी जुळणी विश्वासार्ह. नवशिक्यांनी ही गोष्ट पक्की लक्षात ठेवावी.

दुसरे साधन जनुकपटाचा दर्शक. त्यात गुणसूत्र आडव्या पट्टीसारखे पसरलेले दिसते. नकाशावर जसे गाव जवळ आणून पाहावे तसे हवा तो भाग मोठा करून शेजारची जनुके, त्यांची दिशा, त्यांवरील प्रयोगांच्या नोंदी एकाखाली एक पाहता येतात.

तिसरे साधन म्हणजे चाळण्यांची मालिका. समजा, नव्या औषधासाठी लक्ष्य शोधायचे आहे. पहिली चाळणी : जे प्रथिन विकराचे काम करते असेच जनुक घ्या. दुसरी : जे परजीवी रक्तात असताना काम करते तेच ठेवा. तिसरी : ज्याच्यावाचून परजीवी जगू शकत नाही तेच ठेवा. चौथी : माणसात ज्याचा जोडीदार नाही तेच ठेवा, म्हणजे औषध रोग्याला बाधणार नाही. तिसऱ्या चाळणीसाठी लागणारी माहिती २०१८ साली मिळाली. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात फॅल्सिपॅरमच्या जवळजवळ सर्व जनुकांत एकेक करून खीळ घालून पाहिली, तेव्हा रक्तातील वाढीसाठी सुमारे २,६८० जनुके आवश्यक ठरली. हजारो जनुकांतून थोडीशी निवडायला पूर्वी एखाद्याचा जन्म गेला असता. आता ती यादी एका बैठकीत हाती येते. मात्र ती केवळ यादी असते. पुढचे प्रयोग हातानेच करावे लागतात.

एका जुन्या औषधाची नवी ओळख

या पद्धतीचे आरंभीचे एक सुंदर उदाहरण १९९९ सालचे आहे. प्लास्मोडियमच्या पेशीत एक विलक्षण अवयव असतो, ॲपिकोप्लास्ट. फार प्राचीन काळी या जीवाच्या पूर्वजाने एका तांबड्या शैवालाला गिळले आणि त्याचा अंश पेशीतच राहून गेला, असे त्याचे मूळ सांगतात. वनस्पतींच्या हिरव्या कणांचा हा दूरचा नातेवाईक. तेव्हा वनस्पती व जीवाणू ज्या खास रासायनिक मार्गाने काही आवश्यक पदार्थ तयार करतात, तो मार्ग हिवतापाच्या परजीवीतही असेल काय, असा प्रश्न जर्मनीतील हसन जोमा यांच्या गटाला पडला. माणसात तो मार्ग नाही.

फॅल्सिपॅरमचा जनुकसंच तेव्हा अर्धवटच होता, पण वाचून झालेले तुकडे सर्वांसाठी खुले होते. त्या तुकड्यांत शोध घेतल्यावर या मार्गातील विकरांची जनुके सापडली. त्यांतील एका विकराला रोखणारे फॉस्मिडोमायसिन नावाचे प्रतिजैविक जपानमध्ये आधीच तयार झाले होते, परंतु ते बाजूला पडून होते. ते वापरून पाहिले तेव्हा प्रयोगशाळेत परजीवीची वाढ थांबली आणि हिवताप झालेले उंदीर बरे झाले.

हेही सांगितले पाहिजे की, माणसांवरील चाचण्यांत ताप लवकर उतरला तरी बऱ्याच रुग्णांत परजीवी पुन्हा डोके वर काढत. म्हणून दुसऱ्या औषधाबरोबर ते देऊन पाहण्यात आले, पण आजही ते नेहमीच्या उपचारांत आलेले नाही. म्हणजे कोशाने औषध दिले नाही. कोशाने दार दाखवले. परंतु जनुकसंच पूर्ण होईपर्यंत तुकडे कुलपात ठेवले असते, तर हे दारही दिसले नसते.

कोशावर किती विसंबावे?

सातबाऱ्यावर चुकीची नोंद असू शकते हे आपल्याला अनुभवाने माहीत आहे. जनुककोशाचेही तसेच आहे. एखाद्या जनुकाला केवळ दुसऱ्याशी साम्य आहे म्हणून नाव दिले जाते. ते नाव चुकीचे असेल, तर त्याच्याशी साम्य असलेल्या तिसऱ्या जनुकालाही तेच चुकीचे नाव मिळते आणि चूक पसरत जाते. म्हणून नोंदीत 'प्रयोगाने सिद्ध' आणि 'साम्यावरून अनुमान' यांतला फरक पाहूनच पुढे जावे.

दुसरी सावधगिरी लिपीची. टेट्राहायमिना हा पाण्यात राहणारा एकपेशीय जीव. गुणसूत्रांची टोके झिजण्यापासून कशी वाचतात याचा शोध याच जीवावरील अभ्यासातून लागला व त्याबद्दल २००९ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. बहुतेक जीवांत डीएनएमधील टीएए आणि टीएजी या तीन अक्षरी शब्दांचा अर्थ 'प्रथिन येथे थांबवा' असा असतो. टेट्राहायमिनात मात्र त्यांचाच अर्थ 'ग्लुटामिन जोडा' असा होतो. संगणकाला हे सांगितले नाही, तर तो धडधाकट जनुकाचे मध्येच तुकडे पाडतो. साधनांमध्ये लिपी निवडण्याची सोय असते. ती निवडणे माणसाचे काम आहे.

तिसरी गोष्ट अशी की, कोशातील आदर्श प्रत ही एका वाणाची प्रत असते. ३डी७ हा वाण ज्या मूळ परजीवीपासून वेगळा काढला, तो नेदरलँड्समधील विमानतळाजवळ राहणाऱ्या एका रुग्णाच्या रक्तातला होता. गडचिरोलीतील वा ओडिशातील परजीवी हुबेहूब तसाच असेल असे धरून चालता येत नाही. आपल्याकडे आढळणाऱ्या व्हायवॅक्स जातीची तर आणखी एक अडचण आहे. प्रयोगशाळेत ती सतत वाढवत ठेवता येत नाही. तिचा जनुकसंच २००८ साली प्रसिद्ध झाला. प्रयोगाला जिथे मर्यादा आहेत, तिथे फॅल्सिपॅरमच्या नोंदी शेजारी ठेवून तुलना करणे हा मोठा आधार ठरतो.

आपल्या देशाशी जोडलेले दुसरे उदाहरण काळा आजाराचे. बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल आणि उत्तर प्रदेश या भागांत हा रोग गरिबांच्या घरात ठाण मांडून बसलेला होता. त्याच्या परजीवीला लेशमानिया डोनोव्हानी हे नाव १९०३ साली त्याचे वर्णन करणाऱ्या लीशमन आणि मद्रास येथील डोनोव्हन या दोघांवरून मिळाले. लेशमानियाच्या एका जातीचा जनुकसंच २००५ मध्ये आला, पण ती कातडीवर व्रण करणारी जात होती. प्रत्यक्ष काळा आजाराच्या परजीवीचा जनुकसंच २०११ मध्ये नेपाळमधील रुग्णांच्या नमुन्यांवरून तयार झाला. ज्यांना रोग होतो त्यांच्याच भागातील परजीवी वाचले जाणे किती आवश्यक आहे, हे यावरून समजावे.

कोशाचा खर्च कोणी करायचा?

जनुककोश एकदा तयार केला की आपोआप चालतो, असे नाही. नवे प्रयोग रोज प्रसिद्ध होतात. ते वाचून, तपासून, योग्य नोंदीला जोडणारी माणसे लागतात. संगणक लागतात, वीज लागते. १९९६ साली बर्म्युडा बेटावर जमलेल्या शास्त्रज्ञांनी मानवी जनुकसंचाची वाचलेली अक्षरे चोवीस तासांच्या आत सर्वांना खुली करायची, असा संकेत ठरवला आणि त्याचा चांगला परिणाम साऱ्या क्षेत्रावर झाला. अक्षरे खुली झाली, पण ती नीट लावून ठेवणाऱ्यांच्या पगाराची व्यवस्था कायमची झाली नाही. परजीवींचे कोश २००४ पासून अमेरिकी सरकारच्या कराराच्या पैशांवर चालत आले. २०२४ मध्ये तो करार संपला आणि हा कोश वापरणाऱ्या संस्थांकडेच वर्गणी मागण्याची वेळ चालवणाऱ्यांवर आली. मूळ अक्षरमाला जेनबँकेसारख्या कोठारांत सर्वांना विनामूल्य मिळतात, परंतु निवडून-पाखडून ठेवलेल्या माहितीचे तसे नाही. वर्गणी श्रीमंत विद्यापीठाला जड नाही. ज्या देशात हिवतापाचे रुग्ण आहेत तिथल्या लहान महाविद्यालयाला ती जड आहे. सीडी पाठवून अंतर कमी करू पाहणाऱ्या कोशापुढे पुन्हा तेच अंतर उभे राहावे, ही खेदाची गोष्ट आहे.

आपल्याकडेही या क्षेत्राचा पाया बराच आधी घातला गेला. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने ऐंशीच्या दशकात देशभर जैवमाहिती केंद्रांचे जाळे विणण्यास आरंभ केला व त्यातूनच १९८७ साली पुणे विद्यापीठात, म्हणजे आजच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात, जैवमाहितीशास्त्राचे केंद्र सुरू झाले. २०२२ साली फरिदाबाद येथे भारतीय जैविक माहिती केंद्राचे उद्घाटन झाले. आपल्या देशातील संशोधनाच्या अक्षरमाला आपल्याच देशात जपून ठेवण्याची ही सोय आहे.

विद्यार्थ्यांनी आरंभ कसा करावा?

विद्यार्थी मित्रांनो, या विषयाला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. महाविद्यालयातील साधा संगणक आणि इंटरनेट असले की आरंभ होतो. अमेरिकेच्या एनसीबीआय या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर जेनबँक आणि ब्लास्ट दोन्ही विनामूल्य आहेत. पहिला अभ्यास म्हणून वर सांगितलेल्या केल्च-१३ प्रथिनाची माला तिथे शोधावी. ती ब्लास्टमध्ये घालून व्हायवॅक्समध्ये तिचा जोडीदार कोणता ते पाहावे. ई-मूल्य वहीत लिहून ठेवावे. दोन्ही माला एकाखाली एक लावून ५८० वी जागा शोधावी आणि तिथे दोन्हींत कोणते अमिनो आम्ल आहे ते ताडून पाहावे. एवढे स्वतःच्या हाताने केले म्हणजे पुस्तकातील दहा पानांचा अर्थ उमगेल.

जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने थोडे संख्याशास्त्र आणि थोडी संगणकाची भाषा शिकावी. संगणकाच्या विद्यार्थ्याने पेशीची रचना समजून घ्यावी. या दोन बाकांमधली जागा अजून बरीचशी मोकळी आहे. इंग्रजीची भीती बाळगण्याचे कारण नाही. या कोशांतील शब्द मोजके असतात आणि ते पुन्हा पुन्हा येतात. महिनाभर रोज अर्धा तास दिला तर ते ओळखीचे होतात. वडीलधाऱ्यांनीही मुलगा किंवा मुलगी तासभर संगणकासमोर बसली म्हणून रागावण्यापूर्वी ती काय पाहत आहे हे एकदा जवळ जाऊन विचारावे.

आशाताईंच्या हातातील पट्टीवर उमटणारी रेघ आणि कोशातील आठव्या गुणसूत्रावरची नोंद या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. आज पाड्यावर ती पट्टी वापरली जाते. उद्या ती नोंद वाचणारे, तिच्यातील चूक दाखवणारे आणि आपल्या भागातील परजीवींची नवी नोंद भरणारेही त्याच पाड्यांतून आणि आपल्या वस्त्यांतून पुढे आले पाहिजेत. कोश खुला राहावा असे ज्यांना वाटते, त्यांनी तो उघडून पाहण्यापासून आरंभ करावा.